धरायला काठ

गोणपाट उचललं आणि मी तसाच उकिडवा बसून राहिलो.

आदल्या संध्याकाळी हौदाच्या भिंतीच्या माथ्यावर सिमेंटचा थर टाकला होता. पट्टीने ओढून, लेव्हल बघून, वर ओली गोणपाटं अंथरली होती. सकाळी त्या थरावर काठाचे दगड बसवायचे होते. फरशीच्या कामात मी दोन वर्षं नाशिकला काढलेली. माझ्या हातचा थर तळव्याला लागतसुद्धा नाही, इतका सपाट असतो. आणि आता त्याच्या आतल्या कडेला, हौदाच्या बाजूला, चार खळगे होते. एकाशेजारी एक. ओल्या मालात बोटं रुतल्यासारखे.

अंगठा उमटलेला नव्हता. वरून कुणी हात टेकला असता तर तळवा दिसला असता. हा हात खालून वर आलेला होता. कुणीतरी हौदाच्या आतून काठ धरला होता. अंगठा आतल्या निळ्या टाइलवर राहिला असणार, आणि टाइलवर काही उमटत नाही.

पोहण्याच्या तलावाचा तो हौद अजून कोरडा ठणठणीत होता. आत टाइलांचे रिकामे खोके आणि एक बादली. गोणपाट वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलेल्या विटा जागच्या जागी होत्या.

घराकडून वहिनी चहा घेऊन येताना दिसल्या. मी थापीच्या टोकाने जरासा माल घेतला, चारही खळगे बुजवले आणि वरून हात फिरवला. त्या पोचल्या तेव्हा काठ पुन्हा सपाट होता.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. मांजर फिरलेलं दिसतंय."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग चहा ओतला.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं गाव निफाडकडे, सगळी द्राक्षबागांची जमीन. आज माझ्या वहिनीच्या, रंजनावहिनींच्या, कृषी पर्यटनावर मुंबई-पुण्याची माणसं येतात, पोहण्याच्या तलावाजवळ उभी राहून फोटो काढतात. तो तलाव आधी आमचं शेततळं होता, हे त्यांना कुणी सांगत नाही. आणि त्या शेततळ्यात माझा थोरला भाऊ बुडाला, हे तर नाहीच नाही.

माणिकदादा पट्टीचा पोहणारा होता. गोदावरीला पूर आला की पोरं काठावर उभी राहायची आणि हा पैलतीर गाठून यायचा. त्यामुळे या बांधकामाच्या दोन वर्षं आधी, कार्तिकात, तो स्वतःच्या शेततळ्यात गेला तेव्हा कुणाचा विश्वासच बसेना. सक्शन पाइपची जाळी शेवाळाने तुंबली होती, ती काढायला तो उतरला असणार. चपला काठावर होत्या. वहिनी संध्याकाळी त्याला बघायला गेल्या तेव्हा त्यांनाच तो दिसला. गावाने आपापसात ठरवून टाकलं की हृदय बंद पडलं असेल, पाण्यात पडायच्या आधीच गेला असेल. आईने तेच धरून ठेवलं. आम्हीही तिला धरू दिलं.

दिवस झाले आणि जो तो सांगायला लागला, शेततळं बुजवून टाका. वहिनींनी दोन उन्हाळे काहीच केलं नाही. पाणी बागेला संपवलं, तळं तसंच कोरडं पडलं. मग एका चैत्रात, द्राक्षं उतरल्यावर, त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, शेततळ्याचा कागद काढायचाय. आणि तिथे पोहायचा तलाव बांधायचाय. तुमच्या दादांनी पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्याच आहेत. तलाव असला की लोक येतील."

"त्याच जागी?"

"त्याच."

आई उठून आत गेली. त्या दिवसानंतर तिने त्या बाजूची खिडकी उघडली नाही.

शेततळ्यात अंथरतात त्या जाड काळ्या प्लास्टिकला आमच्याकडे कागद म्हणतात. कागद आम्ही दोघांनी आणि चार मजुरांनी ओढून काढला. वहिनींनी तो खळ्यावर पसरायला सांगितला, धुवायला सांगितला. मजूर गेल्यावर त्या एकट्या उन्हात त्याच्यावर गुडघे टेकून फिरत होत्या, हात लावून बघत होत्या. मी बांधावरून पाहिलं. विचारलं नाही. संध्याकाळी तो घडी होऊन गोदामात गेला.

पुढचं काम आम्ही स्वतःच केलं. खोदाई, लोखंड आणि भिंतींना गवंडी होते. पण प्लास्टरनंतर वहिनींनी त्यांना निरोप दिला. "टाइल, काठ आणि डेक आपण करू," म्हणाल्या. त्यांच्या फोनवर व्हिडिओंची रांग लागलेली. काठाच्या दगडाला कोपिंग म्हणतात, तो भिंतीच्या आत थोडा पुढे यायला हवा, दगड आणि डेकच्या, म्हणजे तलावाभोवतीच्या ओट्याच्या, मध्ये बोटभर फट सोडून रबरी माल भरायचा म्हणजे ऊन-पाण्याने एकाने दुसऱ्याला ढकलू नये, डेकचा उतार तलावापासून बाहेर हवा. सगळं त्यांना पाठ होतं. माझ्याकडे हात होता आणि त्यांच्याकडे माहिती.

दगड राजस्थानचा कोटा घेतला, खरखरीत पाठीचा, दोन फूट बाय एक. आतली धार मशीनवर गोल करून आणली. पहिलाच दगड बसवताना आमचं वाजलं.

"किती पुढे काढू?"

"दोन इंच."

"व्हिडिओत एक सांगितलाय. दोनाने नाक जास्त लोंबेल."

"लोंबू दे. दोन."

आणि दगड पक्का धरल्यावर त्या हौदात उतरल्या, काठाखाली आल्या, दोन्ही हातांची बोटं दगडाच्या गोल धारेवर अडकवली आणि पाय वर उचलले. साडी खोचून, लोंबकळून राहिल्या. मी मनात आकडे मोजत होतो. वीसपर्यंत गेलो तेव्हा त्यांनी पाय टेकले.

"पुढचा," त्या म्हणाल्या.

प्रत्येक दगडाला हे व्हायचं. साठ दगड होते. रोज बारा फूट काठ, सहा दगड. सकाळी दगड बसवायचे, संध्याकाळी पुढच्या बारा फुटांवर थर टाकून झाकायचा. घराच्या बाजूने, पूर्वेकडून सुरुवात केली. उत्तरेची बाजू, मग पश्चिमेची, आणि शेवट दक्षिणेला, पंपाच्या शेडसमोर.

चार बोटं पहिल्यांदा तिसऱ्या दिवशी दिसली. चौथ्या सकाळी मी मुद्दाम लवकर निघालो. वहिनी माझ्या आधीच पोचलेल्या होत्या. पाठमोऱ्या बसल्या होत्या, हातात थापी. माझ्या चपलांचा आवाज आला तशी त्यांनी एकदा घाईने काठावरून पट्टी ओढली आणि उठल्या.

"काय होतं?" मी म्हणालो.

"खडा होता मालात."

मालात खडा नव्हता. माल मी स्वतः चाळला होता. नवीन भरलेल्या चार जागा बाकीच्या थरापेक्षा गडद दिसत होत्या, ओल्या. मी बघितलं आणि त्यांनी मी बघितलेलं बघितलं. आम्ही दगड उचलायला लागलो.

तेव्हाच मी मनाशी ठरवून टाकलं की हे वहिनीच करतायत. त्यांना काहीतरी कळलंय आणि तोंडाने विचारायच्या ऐवजी त्या मला हे दाखवतायत. एकदा असं ठरवल्यावर भीती कमी व्हायला हवी होती. ती वाढली. कारण भुताला निदान काही ठाऊक असेलच असं नसतं. वहिनींना होतं.

काय ठाऊक होतं, ते पुढे येईल. तेव्हा मी ते स्वतःशीही उच्चारत नव्हतो.

पाचव्या, सहाव्या, सातव्या सकाळी तेच. ज्या बारा फुटांवर ओला थर असेल तिथेच, मधोमध, चार बोटं. काठासोबत ती पुढे सरकत होती. पूर्वेकडून उत्तरेला, उत्तरेकडून पश्चिमेला. मी आधी पोचलो तर मी बुजवायचो, त्या आधी पोचल्या तर त्या. आम्ही सिमेंटबद्दल बोलायचो, पावसाबद्दल बोलायचो. रोहिणी लागल्या होत्या, ढग जमायच्या आत काठ संपवायचा होता. बोटांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कामाच्या जागी दोन माणसं दिवसभर बोलतात आणि एक गोष्ट सोडून बोलतात, तेव्हा ती गोष्ट तिसऱ्या माणसासारखी मध्ये बसलेली असते.

सातव्या दिवशी मी माझा हात त्या खळग्यांवर ठेवून पाहिला. माझी बोटं त्यात खुळखुळली. वहिनींचा हात तर माझ्याहून लहान. मी घाईने माल भरला. मग स्वतःला समजावलं, ओल्या मालात बोट फिरवलं की खळगा मोठा होतोच.

आठव्या दिवशी दुपारी जेवताना वहिनींनी विचारलं, "भाऊजी, तुम्हाला झोप लागते का?"

"लागते की."

"डोळे बघा तुमचे."

"उन्हाने."

त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली. "मनात ठेवलं की असंच होतं," म्हणाल्या. मी ती तशीच ठेवून उठलो.

दहाव्या दिवशी शेवटचे सहा दगड राहिले, दक्षिणेचे. त्या सकाळीही बोटं होती. पण या वेळी आम्ही दोघं एकदमच पोचलो आणि गोणपाट दोघांनी मिळून उचललं. त्यामुळे बुजवायला कुणालाच सवड मिळाली नाही. चार बोटं, खोल, आधीपेक्षा खोल. जणू त्या माणसाने सगळा भार हातावर घेतला होता.

 शेवटी वहिनीच बोलल्या, अगदी शांत.

"भाऊजी, बास करा आता. रोज इथे येऊन बोटं उमटवता, त्यापेक्षा तोंडाने बोला. मी कुणाला सांगणार नाही."

मला आधी कळलंच नाही. "मी? वहिनी, मी कशाला... मला वाटलं तुम्ही करताय."

"मी?"

"तुम्हीच. मला बोलतं करायला."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग काठाकडे. त्यांचा हात आपोआप पदराकडे गेला. उन्हं वर आली होती, बागेत कोकीळ ओरडत होता, भरदिवसा आम्ही दोघं त्या चार खळग्यांपासून एक-एक पाऊल मागे सरलो.

"म्हणजे तुम्ही नाही," त्या म्हणाल्या.

"आईची शपथ."

त्या मागे असलेल्या दगडांच्या थप्पीवर बसल्या.  मग त्यांनी जे विचारलं ते इतक्या दिवसांत, दोन वर्षांत, कुणीच विचारलं नव्हतं.

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"खालच्या प्लॉटला. सांगितलं होतं ना तेव्हाच."

"शेडमध्ये पिंपात औषध कालवलेलं होतं. दादा औषध कालवत नव्हते, त्यांना वासाने त्रास व्हायचा. दुसऱ्या दिवशी ते पिंप मी ओतलं आणि धुतलं."

शेड माझ्या पाठीमागे होती. तलावापासून चाळीस पावलं.

"होतो शेडमध्ये," मी म्हणालो. "थोडा वेळ. फवारणीचं इंजिन चालू होतं, औषध ढवळत होतो. नंतर मागच्या बांधाने खाली गेलो."

"त्यांनी हाक मारली?"

"वहिनी, इंजिन चालू होतं."

"हाक मारली का?"

"काही ऐकू आलं नाही. त्या इंजिनापुढे कानाशी बोललेलं कळत नाही."

वहिनींनी मान हलवली, पटल्यासारखी. मग गुडघ्यांवर हात टेकून उभ्या राहिल्या. "कागदावर ओरखडे आहेत," त्या म्हणाल्या. "नखांचे. चारही बाजूंना. मी मोजले, त्रेचाळीस ठिकाणी आहेत. शेवाळलेल्या कागदावर पाय ठरत नाही, हात ठरत नाही. ते इकडून प्रयत्न करायचे, मग तिकडून. सगळं तळं फिरले. हृदय बंद पडलेला माणूस असं फिरत नाही, भाऊजी. किती वेळ फिरले असतील, मला माहीत नाही. सगळ्यात जास्त ओरखडे या बाजूला आहेत. शेडच्या बाजूला."

मी मान वळवून शेडकडे पाहिलं.

"उतरा खाली," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"मी शेडमध्ये जाते, इंजिन लावते. तुम्ही आतून हाक मारा. येते का ऐकू, बघू. नाही आली तर मीही शांत झोपेन, तुम्हीही झोपा."

मी पायऱ्यांनी हौदात उतरलो. उथळ बाजूकडून चालत दक्षिणेच्या भिंतीशी गेलो, तिथे खोली साडेपाच फूट. डोकं काठाच्या जरासं वर. आत हवा थंड होती, बाहेर मे महिना भाजत असताना. वहिनींच्या चपलांचा आवाज दूर गेला. शेडचं पत्र्याचं दार करकरलं. दोन झटके फुकट गेले, तिसऱ्याला इंजिन पेटलं.

मला सगळं सोपं होतं. गप्प उभं राहायचं. वहिनी पाच मिनिटं कान देतील, काही येणार नाही, परत येऊन म्हणतील, खरंय तुमचं. मी सुटेन. आई सुटेल. कदाचित त्याही सुटतील. माझ्या ओठांवर आवाज आलाच नाही, हे त्यांना कधीच कळणार नाही.

मी गप्प उभा राहिलो. निळ्या टाइलवर माझी सावली पायाशी गोळा झाली होती. इंजिन धडधडत होतं. एकदा हौदाच्या दुसऱ्या टोकाला बादली सरकल्यासारखी वाजली. मी वळून पाहिलं. बादली होती तिथेच होती. मी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं आणि दात आवळून उभा राहिलो. आवाज काढला नाही. हे मी आजही देवासमोर सांगेन, मी ओठ उघडले नाहीत.

इंजिन बंद झालं.

वहिनी परत आल्या. धावत नाही, पण भरभर. काठावर माझ्या समोर उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा पडला होता आणि तरी त्यात राग होता, कुणी थट्टा केल्यावर येतो तसा.

"आली," त्या म्हणाल्या. "चांगली ऐकू आली. पण मला हाक मारायची तर वहिनी म्हणायचं. 'बारक्या' का म्हणालात?"

मी वर बघत राहिलो.

मला बारक्या फक्त दादा म्हणायचा. आईसुद्धा सुदाम म्हणते. वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. दादाने मला शाळेत घातलं तेव्हापासून त्याच्या तोंडी तेच नाव होतं. तो गेल्यापासून ते कुणी घेतलं नव्हतं. मीही नाही.

"वहिनी, मी हाक मारलीच नाही."

"दोनदा आली. पहिली साधीच. दुसरी लांब, ओढलेली."

 मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो. आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडलं.

"त्या दिवशीही तशीच आली होती."

 मी बोलत राहिलो, टाइलकडे बघत. त्या दिवशी सकाळी मी दादाला सांगितलं होतं की मी परत नाशिकला फरशीच्या कामावर जाणार. बाग ऐन फवारणीत असताना. त्याने मजुरांसमोर माझ्या थोबाडीत दिली. सव्वीस वर्षांचा होतो मी. दिवसभर गाल तापलेला होता. तिसऱ्या प्रहरी शेडमध्ये औषध ढवळत होतो तेव्हा तळ्याकडून आवाज आला, बारक्या. ऐकलं. स्पष्ट ऐकलं. थोड्या वेळाने पुन्हा, लांबलेला.

"मग?" वहिनी म्हणाल्या.

"मी इंजिनाची रेस वाढवली."

कोकीळही थांबला होता की मलाच ऐकू येत नव्हता, कोण जाणे.

"मला वाटलं, सकाळचं मिटवायला बोलावतोय. गेलो तर हसून काहीतरी म्हणेल आणि माझा राग जाईल. मला अजून थोडा वेळ रागावून राहायचं होतं. मग इंजिन बंद केलं आणि तळ्याकडे न बघता मागच्या बांधाने निघून गेलो. तो पाण्यात असेल असं मनातसुद्धा आलं नाही, वहिनी. तो बुडेल असं कुणाच्या मनात आलं असतं?"

"पहिली हाक," त्या म्हणाल्या, "रागाची होती?"

"नाही."

"घाबरलेली?"

"नाही. जेवायला बोलवायचा तशी."

वहिनी काठावर खाली बसल्या, पाय हौदात सोडून. त्या रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत. त्यांचे पाय माझ्या डोक्याजवळ होते, टाचांना सिमेंट लागलेलं. त्यांनी एका टाचेवरचं सिमेंट नखाने खरवडून काढलं.

"आईंना हे कळता कामा नये."

"हो."

"आणि नाशिकला जायचं नाही."

"नाही जाणार."

"ऐका पूर्ण. या पाण्यात माणूस असेल तेव्हा तुम्ही इथे बसायचं. डेकवर. एक असो की दहा असोत. फोन नाही, पेपर नाही, बाग नाही. बाग मी बघेन. तुम्ही बसायचं."

"किती दिवस?"

त्या उठल्या, थापी उचलली आणि माझ्या हातात दिली. "थर सुकतोय," म्हणाल्या.

ते चार खळगे मी बुजवले नाहीत. बुजवायचे असं माझ्या मनात होतं, पण वहिनींनी माझा हात धरला. आम्ही त्यांच्यावरच चिकट माल पसरला आणि शेवटचे सहा दगड बसवले, दोन इंच पुढे काढून. ते धरले की नाहीत हे बघायला त्या दिवशी वहिनी उतरल्या नाहीत. मी लोंबकळलो.

डेक पुढच्या आठवड्यात झाला. लोखंडी अँगलची चौकट, वर लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या, मध्ये फटी, बाहेरच्या अंगाला उतार. मृगाच्या आदल्या दिवशी शेवटचा स्क्रू बसला. कालव्याला पाणी आलं तेव्हा तलाव भरला. मला वाटलं होतं, पाणी भरल्यावर काही होईल. काही झालं नाही. हाक पुन्हा कुणालाही ऐकू आली नाही, निदान मला नाही आणि वहिनींनी कधी सांगितलं नाही. त्या इंजिनाला मात्र आम्ही दोघांनीही पुन्हा हात लावला नाही, गडी लावतो.

आई चार वर्षांनी गेली, हृदय बंद पडून बुडालेल्या मुलाची आई म्हणून. माझं लग्न झालं. बायकोला वाटतं, मी आळशी आहे, वहिनी उन्हातान्हात बागेत आणि हा खुर्चीत. मी तिला काही सांगितलेलं नाही. दादाची मुलगी तनुजा याच पाण्यात पोहायला शिकली, आता ती तालुक्याच्या स्पर्धांना जाते. पाहुण्यांची मुलं दिवसभर ओरडतात, काका, हे बघा, काका, उडी बघा. मी प्रत्येकाला ओ देतो. शंभर वेळा देतो. घसा बसला तर हात वर करतो.

वहिनी आठ वर्षं पाण्याच्या जवळ आल्या, पाण्यात कधी उतरल्या नाहीत. मग एका चैत्रात पाहुणे नसताना, सकाळी, त्या साधा सलवार-कुडता घालून आल्या आणि माझ्याशी न बोलता पायऱ्या उतरल्या. तनुजाने त्यांना हातपाय मारायला शिकवलं. आता आठवड्यातून एकदा तरी त्या उतरतात. खोल बाजूला, दक्षिणेला जातात. दोन्ही हातांनी काठ धरतात, आणि माझ्याकडे पाठ असताना हाक मारतात.

"भाऊजी?"

काम काही नसतं.

"आहे, वहिनी," मी म्हणतो.

मग त्या काठ सोडतात.